आपला मुद्देमाल कुठे आहे?



मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जण म्युझियम बघायला पुण्याला गेलो. सहा जुन्नर तालुक्यातले, पाच आंबेगावातले. नारायणगावच्या स्टँडवर सकाळची एस.टी. धरली, मंचरला बाकीचे चढले आणि साडेदहाला एका सरकारी इतिहास संग्रहालयाच्या दारात उभे राहिलो. त्या संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. एकाच दारावर दगड मारून भागणार नाही.

दारातला शिपाई म्हणाला, "आत कशाला हात लावायचा नाही." आमच्या पुढं एक जोडपं दोन पोरं घेऊन आत गेलं, त्यांना तो काही बोलला नव्हता. आम्ही सगळी पोरंपोरं होतो म्हणून म्हणाला असेल. दोघांच्या शर्टावर निळा बिल्ला होता म्हणूनही असेल. ते सोडून देऊ. हात न लावायची सूचना आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

आत तलवारी, ढाली, पगड्या, पैठण्या, हंड्या, झुंबरं, देवघरं. माहिती सांगणारे गृहस्थ भले होते. हात पसरून म्हणाले, "हे सगळं आपल्या पूर्वजांचं वैभव." आमच्यात सगळ्यात लहान बारावीतलं पोरगं. त्यानं विचारलं, "आपल्या म्हंजे कुणाच्या, सर?" गृहस्थ म्हणाले, "अरे, आपल्या सगळ्यांच्या. महाराष्ट्राच्या." पोरगं म्हणालं, "मग आमच्या आज्याचं काय हाय ह्यात?" गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला, पुढचं दालन बघू."

पुढच्या दालनात पालखी होती. खाली पाटी : लाकूड, चांदी, मखमल, अठरावं शतक. लाकडाची नोंद आहे, मखमलीची आहे. खांद्याची नाही. पालखी काही आपल्या पायानं चालत नव्हती.

त्याच्या पुढं ग्रामजीवनाचं दालन. मातीची चित्रं मांडलेली. पाटील बैठकीवर, कुलकर्णी दप्तरासमोर, सुतार रंध्यापाशी, लोहार भात्यापाशी. कोपऱ्यात खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेला एक काळा माणूस. पाटीवर लिहिलेलं, "गावसेवक".

माझा आजा त्या कोपऱ्यात उभा होता, दोस्तहो. वेसकर. वेशीवर रात्र काढायची, सरकारी वसुली घेऊन तालुक्याला पायी जायचं, मौतीचा सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार शिळ्या भाकरीसाठी उभं राहायचं. ह्याला पाटी म्हणते सेवक! सेवकाला पगार असतो. सेवक राजीनामा देऊ शकतो. माझ्या आज्याला राजीनामा द्यायची सोय नव्हती, कारण ती चाकरी जन्माला बांधलेली होती. महार वतनाचा हा फास सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडलं. ती कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं. तीस वर्षांची लढाई त्या एका शब्दाखाली पुरून टाकली : सेवक.

परतीच्या एस.टी.त कुणी बोलत नव्हतं. राजगुरुनगर मागं पडल्यावर ते बारावीतलं पोरगं म्हणालं, "दादा, परत म्युझियमला यायचं न्हाई." मी म्हणालो, येड्या, आता तर दर वर्षी यायचं. ते का, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

संग्रहालय म्हणजे काय भानगड आहे

आपल्या चळवळीत संग्रहालयाकडं कुणी गांभीर्यानं बघत नाही. पुस्तकं वाचतो, मोर्चे काढतो, पुतळ्यासाठी वर्गणी काढतो. म्युझियम म्हणजे शाळेची सहल, असं आपल्याला वाटतं. ही फार महागात पडणारी चूक आहे.

पुस्तकाशी माणूस भांडतो. भाषणाला टाळी देतो नाहीतर शिट्टी मारतो. काचेतल्या वस्तूशी कुणी भांडत नाही. वर दिवा सोडलेला, खाली पाटी, पाटीवर सरकारी शिक्का. माणूस मुकाट मान डोलावतो आणि पुढं जातो. सोबतचं पोर घरी नेतं ते एवढंच : ह्या लोकांनी इतिहास घडवला, आणि बाकीचे होते कोपऱ्यात.

खरं म्हणजे संग्रहालय ही पुराव्याची खोली आहे. पोलीस ठाण्यात मुद्देमालाची खोली असते तशी. खटला चालतो तेव्हा मुद्देमाल लागतो. कुऱ्हाड लागते, रक्ताचा सदरा लागतो, त्यावर पंचनाम्याची चिठ्ठी लागते. ज्याचा मुद्देमाल हरवला त्याचा खटला सुटला. ह्या देशात गेल्या दोन हजार वर्षांचा एक खटला चालू आहे. त्यात एका बाजूचा सगळा पुरावा काचेत जपून ठेवलेला आहे. दुसऱ्या बाजूचा पुरावा कुठं आहे?

संग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं २०२२ साली प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या केली. नफ्यासाठी नसलेली, समाजाच्या सेवेतली, सगळ्यांना खुली आणि सगळ्यांना सामावून घेणारी कायमची संस्था, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. पण सामावून घेणं म्हणजे तिकीट सगळ्यांना देणं एवढंच नव्हे. दाराच्या आत घ्यायचं आणि पाटीच्या बाहेर ठेवायचं, ही जुनीच युक्ती आहे. गावात राहू द्यायचं, गावकुसाच्या बाहेर.

छप्पर नसलेलं संग्रहालय

पुण्याचं राहू द्या. आपण राहतो तेच एक मोठं संग्रहालय आहे. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीचे कडे. बुद्धाच्या भिक्षूंसाठी कोरलेली. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली. फळ्यावर निळ्या-पांढऱ्या अक्षरांत 'राष्ट्रीय महत्त्वाचे' लिहिलेलं असतं. आता बघा, ह्या उघड्या संग्रहालयात काय चाललं आहे.

लेण्याद्रीला सातवं लेणं सगळ्यात मोठं. मधे खांब नसलेलं दालन, तीन बाजूंनी भिक्षूंच्या वीस खोल्या. हा विहार आहे. मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्यांच्या जागी आज गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांतला एक. रोज शेकडो माणसं पायऱ्या चढतात, नारळ फोडतात, उतरतात. आपण कुठं उभे होतो हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं? शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, स्तूप आहे. ते दान कल्याणच्या हेरणिकाच्या मुलानं, सुलसदतानं दिलं, असं तिथं ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. नारळवाला त्या दारावरून सरळ पुढं जातो.

तुळज्याला एक गोल चैत्यगृह आहे. स्तूपाभोवती बारा खांबांचं रिंगण. असला गोल चैत्य आपल्याकडच्या लेण्यांत सहसा सापडत नाही. त्याच रांगेत तुळजादेवी बसली आणि सगळ्या लेण्यांचं नाव तुळजालेणी झालं. मानमोडीवरच्या लेण्यांना नावं पडली भीमाशंकर, अंबा-अंबिका, भूतलिंग. नाशिकला तर थेट पांडवलेणी. वस्तू पळवायची गरज नाही. नाव पुसलं की वस्तू आपोआप मालकीची होते.

शिवनेरीचं तसंच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यात शिवनेरी आहे. आनंद आहे. शिवरायांशी आपलं भांडण नव्हतं आणि नाही. १८६९ साली जोतीबांनी पोवाडा लिहून त्या राजाला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं, तेव्हा आज मिरवणारे कुठं होते ते त्यांनाच विचारा. पण ज्या डोंगराच्या माथ्यावर किल्ला आहे त्याच डोंगराच्या कड्यांत बुद्धलेणी आहेत. शिवजयंतीला गड माणसांनी भरतो. कड्यातल्या लेण्यांकडं जायची वाट त्या दिवशीही रिकामी असते. डोंगर एकच आहे. वारसा मात्र माथ्यावरचाच मोजला जातो.

आता ह्या लेण्यांतल्या अक्षरांकडं या. खरा मुद्देमाल तिथं आहे.

एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचं कोरलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवलेली आहे. कुणाकडं? बांबूचं काम करणाऱ्या वसकारांच्या श्रेणीकडं आणि काशाचं काम करणाऱ्या कासकारांच्या श्रेणीकडं. हा व्यवहार कसा चाले ते नाशिकच्या लेखात सविस्तर आहे. नहपान क्षत्रपाच्या जावयानं, उषवदातानं, विणकरांच्या दोन श्रेणींकडं तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, एक हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल कधी काढायचं नाही. व्याजातून भिक्षूंना कपडा. म्हणजे राजाचा जावई विणकरांना आपली बँक मानत होता. आणि जुन्नरात बांबू कापणाऱ्या हातांवर तोच भरवसा ठेवला गेला होता.

आज बुरूड समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्या वसकारांचे थेट वंशज हेच, असं मी छातीठोक सांगत नाही. तसा कागद माझ्याकडं नाही. पण हात तेच काम करतात. सूप, टोपली, डालगं, कणगी. जुन्नरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसून विकतात. ज्या धंद्याच्या माणसांकडं एके काळी धर्माचा पैसा विश्वासानं ठेवत होते, त्या धंद्याची माणसं अस्पृश्य कशी झाली? कुणी केली? केव्हा केली? हा प्रश्न ज्या संग्रहालयात विचारला जात नाही ते संग्रहालय कसलं? ते तर गोदाम.

आणि पाणी. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकांकडल्या परक्या माणसानं, जुन्नरात पाण्याच्या दोन पोढ्या दान दिल्या. चिट नावाच्या यवनानं जेवणाचा मंडप दिला. चंद नावाच्या यवनाचंही दान आहे. समुद्रापलीकडची माणसं इथं येऊन पाण्याची टाकी खोदून देत होती, एका मंडपात जेवायची सोय करत होती. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंद हे यवन राजाचं नाव उगाच नाही दिलं.

ह्याच तालुक्यात नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. कुठला यज्ञ केला, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, ह्याची ती यादी. तोही पुरावाच आहे, तोही जपला पाहिजे. पण जुन्नरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस आधी राणीच्या दक्षिणेची यादी वाचतो. बांबूवाल्यांची ठेव वाचायला त्याला वेळ उरत नाही. आपल्या तालुक्यात दोन वेगळे महाराष्ट्र दगडावर कोरलेले आहेत. एक यज्ञाचा, एक श्रेणींचा. पोरांना एकच शिकवला जातो.

दौलताबादचा हौद

१९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासानं तोंडं धुळीनं भरलेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेला हौद होता. काही जणांनी तोंड, पाय धुतले. मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, अंगावर यायची वेळ आली. जातीचं विष असं की धर्म बदलला तरी रक्तातून जात नाही, हे त्या दिवशी दिसलं. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. आणि ते शिवत नाहीत ना हे बघायला एक हत्यारी शिपाई बरोबर दिला.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. देशातला सगळ्यात शिकलेला माणूस इतिहासाची वास्तू बघतो आहे आणि मागं बंदुकीचा पहारा, कशासाठी, तर पाण्यासाठी.

आज तसा शिपाई नाही. तिकीट घ्या, आत जा, कुणी जात विचारत नाही. हे आपल्या बापजाद्यांनी लढून मिळवलं, कुणी दान दिलेलं नाही. पण शिपाई कुठं गेला? तो पाण्यावरून उठला आणि पाटीवर येऊन बसला. आता तो एवढंच बघतो, की ह्या लोकांची बोटं इतिहासाला लागता कामा नयेत.

तरी बाबासाहेब त्या अटीवर आत गेले. अपमान झाला म्हणून परतले नाहीत. डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेनंतर ते रायगडावर गेले. १ जानेवारी १९२७ ला भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ इंग्रजांनी स्वतःची फुशारकी मारायला उभा केला होता. बाबासाहेबांनी त्यावरची 'नाक' लावलेली नावं वाचली. परक्यानं परक्या हेतूनं कोरलेल्या दगडातून आपला पुरावा काढून घेतला. संग्रहालय कसं बघायचं, ह्याचा ह्याहून चांगला धडा नाही. बघायचं ते मालकाच्या नाहीतर फिर्यादीच्या डोळ्यांनी. पाहुण्यासारखं बघायचं नाही.

आपणच पेटवलेली काठी

आता दुसऱ्यांना शिव्या देऊन झाल्या. आपल्याकडं बघू.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वाडीत दीक्षा झाली ती पुढच्या वर्षी. देव्हाऱ्यातले टाक, खंडोबा, मरीआई, सगळं टोपल्यात भरून नदीत सोडलं. मेलेलं ओढणं बंद. हलगी वाजवणं बंद. आणि आज्याची वेसकराची घुंगराची काठी आजीनं चुलीत घातली. आजी सांगायची, त्या काठीवर आंघोळीचं पाणी तापवलं, आणि तुझा आजा त्या दिवशी लईच वेळ न्हात बसला.

त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. ती काठी घरात राहिली असती तर कुणीतरी पुन्हा बापाच्या हातात दिली असती. जो त्या काठीखाली जगला त्याला ती जाळायचा हक्क आहे. त्यावर आज कुणी हळहळ करू नये.

पण मी त्या संग्रहालयात उभा राहिलो आणि मनात आलं, पाटलाच्या आज्याची तलवार इथं आहे. माझ्या आज्याची काठी धूर होऊन गेली. खटला तर अजून चालू आहे. त्यांचा पुरावा काचेत आणि आमचा चुलीत. उद्या कुणी उठून म्हणेल, अस्पृश्यता एवढी काही वाईट नव्हती हो, सगळे गुण्यागोविंदानं राहत होते. म्हणतातच की आज. पेशवाईत महाराच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं तरी आज पुरावा मागतात. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं, जोतीबांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनं, मांगमहारांच्या हालांवर निबंध लिहिला. तो छापील कागद उरला म्हणून तिचं तोंड कुणाला दाबता येत नाही. कागद उरला नसता तर?

आपली काही शहाणी माणसं म्हणतात, जुनी घाण कशाला उकरायची? पोरांच्या मनावर परिणाम होतो. त्यांना मी विचारतो, ती घाण आपली आहे काय? काठी वेसकराच्या हातात होती, पण ती दिली कुणी? हे गुन्ह्याचं हत्यार आहे. लाज वाटायची तर ज्यानं वापरलं त्याला वाटू दे. घरात ठेवू नका, पूजा करू नका, अभिमानानं मिरवू नका. पण चिठ्ठी लावून, सील करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवा.

दुसरे आहेत ते पुतळ्या-कमानीचे पुढारी. ह्यांना सिमेंट दिसतं, कागद दिसत नाही. चौकात कमान पाहिजे, कमानीवर स्वतःचं नाव पाहिजे. त्याच चौकामागच्या घरात म्हातारीच्या ट्रंकेत नामांतराच्या लढ्यातल्या तुरुंगाचा कागद वाळवी खाते आहे, तिकडं बघायला ह्यांना सवड नाही.

आणि तिसरे आपले तरुण, म्हणजे तुम्ही-आम्ही. लेण्यात जातो आणि ऑइलपेंटनं भिंतीवर 'जय भीम' लिहितो. दोन हजार वर्षांच्या अक्षरांवर! ज्या दगडावर आपला पुरावा आहे त्यावर आपणच रंग फासतो. मग नारळवाल्याला कुठल्या तोंडानं बोलायचं? १९५८ च्या कायद्यानं हा गुन्हा आहेच, पण कायद्याचं सोडा. आपला मुद्देमाल आपणच नासवायचा, ह्याला काय म्हणायचं?

पाण्याखालचं आंबेगाव

आंबेगाव तालुक्याला आंबेगाव हे नाव ज्या गावावरून पडलं ते गाव आज नकाशावर शोधू नका. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलं. ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकखाली गेला. नाव चांगलंच दिलं. पण त्या नावाच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली, शेतं गेली, महादेव कोळ्यांचे पाडे गेले, त्यांचं संग्रहालय कुठं आहे? उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती वर येतात. तेवढंच त्यांचं दालन. दोन महिने उघडं, दहा महिने बंद.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. १९६६ साली गोऱ्यांच्या सरकारनं ती गोऱ्यांसाठी राखीव केली आणि साठ हजारांवर माणसांना हुसकावून घरांवर बुलडोझर फिरवला. १९९४ साली त्याच माणसांनी एका जुन्या चर्चमध्ये आपलं संग्रहालय उघडलं. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला. उठवलेली माणसं येतात आणि आपलं घर कुठं होतं तिथं स्वतःच्या हातानं नाव लिहितात. रस्त्यांच्या नावाच्या जुन्या पाट्याही तिथं लावल्या आहेत. तिथं बघणाराच पाटी लिहितो. तो नकाशा पुढं जमिनीच्या दाव्यांच्या कामी आला.

हे आपल्याला का जमू नये? जुन्या आंबेगावचा नकाशा अजून म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. चावडी कुठं, पाणवठे किती आणि कुणाचा कोणता, महारवाडा कुठल्या अंगाला, कोळ्यांचे पाडे कुठं. एक मांजरपाट आणि एक खडू लागेल. म्हातारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर ते गाव दुसऱ्यांदा बुडेल, आणि ह्या वेळी आपल्या आळसात बुडेल.

काय करायचं

दिनकर केळकर नावाच्या कवीनं पुण्यात दारोदार, जुन्या बाजारात हिंडून दिवे, अडकित्ते, पेट्या, खेळणी अशा वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. एका माणसानं अडकित्त्याला इतिहास केलं. आपल्या सुपाला, रापीला, टोपलीला कोण करणार? नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर, रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या, म्हणून त्या आज बघायला मिळतात. लोकांनी रेटा लावला म्हणून राज्य सरकारनं २०१५ साली लंडनचं बाबासाहेबांचं घर विकत घेतलं. म्हणजे सरकारला हलवता येतं. पण आपल्या मागण्या घर आणि पुतळ्यापाशी थांबतात. महारवाड्याची, मांगवाड्याची, चांभारवाड्याची, बुरूडआळीची मागणी आपण कधी केलीच नाही.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या पोरांपुढं कामं ठेवतो.

पहिलं. दर वर्षी एक संग्रहालय बघायचं, वही घेऊन. प्रत्येक पाटीला तीन प्रश्न : हे बनवलं कुणी? वाहिलं कुणी? कुणाला ह्याला शिवायची बंदी होती? उत्तर नसेल तर अभिप्राय वहीत प्रश्न लिहून, सही करून यायचं. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून वस्तूंची नोंदवही मागायची. किती वस्तू, कुठल्या घरांतून आल्या, ते मोजायचं.

दुसरं. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी इथं मोठ्या मराठी अक्षरांत पाट्या मागायच्या. सातवं लेणं विहार आहे हे तिथंच, पायऱ्यांपाशी लिहिलेलं पाहिजे. वसकारांची ठेव, इरिलाच्या पोढ्या, सुलसदताचा चैत्य हे मराठीत वाचता आलं पाहिजे. फोडाफोडी आपलं काम नाही. ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत, पण कुठं जोडतो ते वाचून जोडावेत.

तिसरं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलानं १८८४ साली भटाविना लग्न लावलं आणि जोशीबुवा हक्क मागायला कोर्टात गेले. सत्यशोधकांचा हा लढा आपल्याच तालुक्यातला. ओतूरच्या रस्त्यावर त्याची पाटी कुणी दाखवली तर मी पायी बघायला येईन. नसेल तर आपण लावू.

चौथं, आणि हे उद्यापासून. घरातली ट्रंक उघडा. वतनाचा कागद, बलुत्याचा हिशेब, गिरणीचा बिल्ला, दीक्षेच्या वेळचं पत्रक, वामनदादांच्या गाण्यांची वही, १९७२ नंतरची पँथरची हँडबिलं, आमच्यासारखे सायक्लोस्टाइल अंक. भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी लावा : कुणाचं, कुठलं, कुठल्या सालचं, कशासाठी वापरलं. विहारातलं एक कपाट रिकामं करा. तेच आपलं पहिलं दालन. काच नंतर बसवू.

ते बारावीतलं पोरगं गेल्या आठवड्यात आलं. हातात फडक्यात गुंडाळलेली रापी. आज्याची. पन्नास-साठ वर्षं कातडं कापून मूठ झिजलेली, अंगठ्याची खळगी पडलेली. म्हणालं, "दादा, हिला पाटी लिवायचीय. काय लिवू?"

मी म्हणालो, आज्याचं नाव लिही. आधी नाव. मग गाव. मग बाकीचं.

त्यानं लिहिलं. सेवक असं लिहिलं नाही.

जय भीम.